जेम्स ऑगस्टस हिकी

जेम्स ऑगस्टस हिकी (जन्म : सुमारे १७४०, मृत्यू : ऑक्टोबर १८०२) हा आयरिश वंशाचा मुद्रक, प्रकाशक व पत्रकार होता. २९ जानेवारी १७८० रोजी कलकत्ता येथे त्याने सुरू केलेले 'हिकीज बेंगॉल गॅझेट ऑर द ओरिजिनल कॅलकटा जनरल ॲडव्हर्टायझर' हे इंग्रजी साप्ताहिक भारतातील पहिले छापील वृत्तपत्र मानले जाते. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज, सरन्यायाधीश एलिजा इंपी आणि ईस्ट इंडिया कंपनीचे वरिष्ठ अधिकारी यांच्यावर या पत्राने उघड टीका केली. त्यामुळे पत्राला टपालाची सोय नाकारण्यात आली, हिकीवर अब्रुनुकसानीचे खटले भरण्यात आले, त्याला कैद झाली आणि अखेर मार्च १७८२ मध्ये त्याचे छपाईचे साहित्य जप्त होऊन पत्र बंद पडले. त्या वेळी भारतात वृत्तपत्रांसाठी कोणताही स्वतंत्र कायदा नव्हता. कायद्यावाचूनही वृत्तपत्र कसे बंद पाडता येते, याचे पहिले भारतीय उदाहरण म्हणून हिकीच्या चरित्राला मुद्रणस्वातंत्र्याच्या इतिहासात महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

भारतात मुद्रणकला हिकीच्या सव्वादोनशे वर्षे आधी आली होती. १५५६ मध्ये गोव्यात जेझुइट पाद्र्यांनी पहिले मुद्रणयंत्र चालू केले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रोमन लिपीत रायतूर येथे छापले गेले. अठराव्या शतकाच्या आरंभी तमिळ प्रदेशात तरंगंबाडी येथे प्रोटेस्टंट मिशनचा छापखाना उभा राहिला. हे सर्व मुद्रण प्रामुख्याने धर्मप्रसारासाठी होते. बातम्या लोकांपर्यंत पोहोचवण्याचे साधन म्हणून छापखान्याचा उपयोग मात्र झालेला नव्हता.

बातमीचे महत्त्व एतद्देशीय राज्यकर्त्यांना अपरिचित नव्हते. मोगल दरबारात आणि पुढे पुण्याच्या पेशवे दरबारात अखबारनवीस व वकील यांच्याकडून हस्तलिखित बातमीपत्रे नियमित येत असत. परंतु ही पत्रे धन्यासाठी लिहिली जात. पैसे मोजणाऱ्या कोणालाही वाचता येईल आणि राज्यकर्त्याच्या इच्छेवर अवलंबून नसेल, असे बातमीपत्र ही वेगळीच गोष्ट होती.

कलकत्त्यात तसा प्रयत्न १७६८ मध्ये विल्यम बोल्ट्स या कंपनीच्या माजी नोकराने करून पाहिला. शहरात छापखाना नसल्याने लोकांची गैरसोय होते, तो काढू इच्छिणाऱ्यास आपण साहाय्य करू आणि दरम्यान आपल्याजवळची हस्तलिखित माहिती कोणालाही वाचायला देऊ, अशा आशयाची जाहीर सूचना त्याने कौन्सिल हाउसच्या दारावर लावली. कंपनी सरकारने त्याला देश सोडून जाण्याचा हुकूम दिला आणि पुढे जबरदस्तीने जहाजावर चढवले. कंपनीच्या मुलखात युरोपीय माणूस कंपनीच्या परवानगीनेच राहत असल्याने हद्दपारी हे तिच्या हातातील सर्वांत सोपे शस्त्र होते.

यानंतर १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने परिस्थिती बदलली. वॉरन हेस्टिंग्ज पहिला गव्हर्नर जनरल झाला, त्याच्या जोडीला चार सभासदांचे कौन्सिल आले आणि १७७४ मध्ये कलकत्त्यात राजाच्या सनदेने सर्वोच्च न्यायालय स्थापन झाले. एलिजा इंपी हा त्याचा सरन्यायाधीश होता. कौन्सिलमध्ये हेस्टिंग्ज आणि फिलिप फ्रान्सिस यांच्यात तीव्र वैर होते. १७७५ मध्ये हेस्टिंग्जवर लाचखोरीचे आरोप करणाऱ्या महाराजा नंदकुमार याला बनावट दस्तऐवजाच्या खटल्यात इंपीच्या न्यायालयाने फाशीची शिक्षा दिल्याने हे वैर अधिकच चिघळले. हिकीचे वृत्तपत्र या दुफळी माजलेल्या शहरात जन्माला आले.

सुरुवातीचे जीवन

हिकीचा जन्म आयर्लंडमध्ये झाला. तरुणपणी तो लंडनला गेला आणि विल्यम फेडन या मुद्रकाकडे उमेदवारी करू लागला. परंतु मुद्रक म्हणून स्वतंत्र व्यवसाय करण्याचा अधिकार मिळवण्यापूर्वीच त्याने तो मार्ग सोडला. त्यानंतर त्याने एका वकिलाकडे कारकुनी केली आणि पुढे शल्यचिकित्सेचे काम पत्करले. १७७२ मध्ये तो कंपनीच्या एका जहाजावर शल्यचिकित्सकाचा मदतनीस म्हणून भारताकडे निघाला. कलकत्त्यात उतरल्यावर त्याने वैद्यकी आणि किनारपट्टीवरील व्यापार असे दोन्ही व्यवसाय सुरू केले.

व्यापारासाठी त्याने कर्ज काढले होते. १७७६ मध्ये त्याचे जहाज माल खराब झालेल्या अवस्थेत बंदरात परतले. सावकारांनी तगादा लावला व सवलत नाकारली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हिकीची रवानगी कर्जदारांच्या तुरुंगात झाली. तत्कालीन इंग्रजी कायद्यानुसार कर्ज न फेडणाऱ्यास सावकाराच्या मागणीवरून अनिश्चित काळ अडकवून ठेवता येत असे. मात्र अशा कैद्याला तुरुंगात राहून आपला उद्योग करण्याची बरीच मोकळीक असे.

तुरुंगातील छापखाना

या मोकळिकीचा हिकीने उपयोग करून घेतला. लंडनमधील अर्धवट उमेदवारीत शिकलेली कला त्याच्या कामी आली. त्याने खिळे मिळवले, लाकडी हातयंत्र उभारले आणि १७७७ मध्ये तुरुंगातूनच छपाईची कामे घेण्यास प्रारंभ केला. हस्तपत्रके, व्यापाऱ्यांना लागणारे कोरे नमुने, दिनदर्शिका अशी ती कामे होती. व्यापार वाढत असलेल्या शहरात छापील कागदांना मागणी होती आणि मुद्रक जवळजवळ नव्हते. १७७८ मध्ये नॅथॅनियल हॅल्हेडचे बंगाली व्याकरण हुगळी येथे छापले गेले. त्यासाठी चार्ल्स विल्किन्स व पंचानन कर्मकार यांनी बंगाली खिळे पाडले होते. पण तो उपक्रम सरकारी आश्रयाचा होता. हिकीचा छापखाना पोटासाठी चाललेला खाजगी धंदा होता.

१७७८ मध्ये विल्यम हिकी या वकिलाच्या मदतीने त्याची सुटका झाली. आडनावाच्या साम्यामुळे या दोघांची अनेकदा गल्लत केली जाते. वस्तुतः त्यांचे नाते नव्हते. वकील हिकीच्या आठवणींचे ग्रंथ विसाव्या शतकात प्रसिद्ध झाले. त्यांत मुद्रक हिकीचे चित्र हुशार परंतु अत्यंत तापट माणूस असे आले आहे.

सुटकेनंतर १७७९ मध्ये कंपनीच्या सैन्याचे नवे नियम छापण्याचे मोठे काम त्याला सरसेनापती सर आयर कूट याच्याकडून मिळाले. या कामासाठी त्याने बरीच मेहनत व खर्च केला. पण लष्करी अधिकाऱ्यांमध्ये या नियमांविषयी मतभेद असल्याने काम रखडले व बिल थकले. हे पैसे मिळवण्यासाठी त्याला पुढे अनेक वर्षे अर्ज करावे लागले. सरकारी कामावर विसंबून चालणार नाही, हे कळून चुकल्यावर तो वर्गणीदारांच्या जोरावर चालणाऱ्या साप्ताहिकाकडे वळला.

बेंगॉल गॅझेट

गॅझेटचा पहिला अंक शनिवार, २९ जानेवारी १७८० रोजी निघाला. अंक चार पानांचा असून प्रत्येक पान तीन स्तंभांत विभागलेले असे. किंमत एक रुपया होती. आपले पत्र राजकीय व व्यापारविषयक असून ते सर्व पक्षांना खुले आहे, पण कोणाच्याही प्रभावाखाली नाही, असे धोरण हिकीने जाहीर केले होते. प्रारंभीचे काही महिने त्याने ते बऱ्याच अंशी पाळले. कौन्सिलमधील भांडणांपासून पत्र दूर राहिले.

हातयंत्रावरील छपाई कष्टाची होती. जुळाऱ्याने एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, शाईच्या गोळ्यांनी मजकुरावर शाई लावायची, ओलसर केलेला कागद ठेवून दांडा ओढायचा आणि एक बाजू सुकल्यावर दुसरी छापायची, अशी ती पद्धत होती. खिळे पुरेसे नसल्यास एक पान छापून, त्याचे खिळे मोडून मगच दुसरे पान जुळवता येई. खप काहीशे प्रतींच्या पुढे गेला नसावा. तथापि एक प्रत अनेक घरांत व खानावळींत फिरत असल्याने वाचकसंख्या याहून मोठी होती.

मजकुरात युरोपातून जहाजाने आलेल्या, कित्येक महिने जुन्या बातम्या, जहाजांच्या आगमन-निर्गमनाची माहिती, लिलावांच्या व घरविक्रीच्या जाहिराती, कविता आणि वाचकांची पत्रे यांचा समावेश असे. बहुतेक पत्रे टोपणनावांनी येत. शहरातील घाण, दफनभूमींची दुरवस्था, मोडके रस्ते, गवती छपरांच्या वस्त्यांना लागणाऱ्या आगी, नवे कर असे स्थानिक विषय हिकीने आवर्जून हाताळले. कनिष्ठ लष्करी अधिकारी व छोटे व्यापारी यांच्या तक्रारींना त्याच्या पत्रात पहिल्यांदाच छापील वाट मिळाली. वरिष्ठ अधिकाऱ्यांना मिळणारी मोठी कंत्राटे आणि सैनिकांची परवड यांतील विरोध तो वाचकांपुढे ठेवत असे.

पत्राचे सबंध आयुष्य युद्धाच्या काळात गेले. पश्चिमेकडे पहिले इंग्रज-मराठा युद्ध चालू होते. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मराठ्यांपुढे नमते घ्यावे लागल्यावर कंपनीने युद्ध पुन्हा पेटवले होते आणि त्याचा आर्थिक भार मुख्यतः बंगालवर पडत होता. दक्षिणेत हैदरअलीने कर्नाटकावर चढाई केली व सप्टेंबर १७८० मध्ये पोलिलूर येथे कर्नल बेलीच्या फौजेचा नाश केला. अशा पराभवांच्या बातम्या दडपल्या जाऊ नयेत, अशी हिकीची भूमिका होती. ऑगस्ट १७८० मध्ये हेस्टिंग्ज व फ्रान्सिस यांच्यात पिस्तुलांचे द्वंद्व होऊन फ्रान्सिस जखमी झाला आणि त्या वर्षअखेरीस तो इंग्लंडला परतला. त्यानंतर कौन्सिलमध्ये हेस्टिंग्जला प्रभावी विरोधक उरला नाही. हा विरोध काही काळ गॅझेटच्या पानांवरच चालू राहिला.

या पत्राच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. त्याचा वाचक युरोपीय होता; बंगालमधील रयत त्यात क्वचितच दिसते. कलकत्त्यात तेव्हा गुलामांची खरेदी-विक्री उघडपणे चाले आणि गुलामांच्या विक्रीच्या व पळून गेलेल्या गुलामांच्या शोधाच्या जाहिराती हिकीच्याही पत्रात छापल्या जात. स्वतःच्या स्वातंत्र्याविषयी विलक्षण जागरूक असलेल्या या संपादकाला त्यात विसंगती जाणवल्याचे दिसत नाही.

प्रतिस्पर्धी पत्र आणि टपालबंदी

नोव्हेंबर १७८० मध्ये 'इंडिया गॅझेट' हे दुसरे साप्ताहिक निघाले. नाट्यगृहाशी संबंधित असलेला बर्नार्ड मेसिंक आणि कंपनीच्या मिठाच्या व्यवहारातील पीटर रीड हे त्याचे चालक होते. या पत्राला हेस्टिंग्जचा आशीर्वाद आणि टपालाची सवलत मिळाली. आपणाकडून लाच मागण्यात आली होती व ती न दिल्यामुळे हे पत्र आपल्याविरुद्ध उभे करण्यात आले, असा आरोप हिकीने कंपनीचा अधिकारी सिमियन ड्रोझ याच्यावर केला. या प्रकरणात त्याने हेस्टिंग्जची पत्नी मॅरियन हिचेही नाव गोवले.

कौन्सिलने १४ नोव्हेंबर १७८० रोजी हुकूम काढून हिकीचे पत्र टपालाने पाठवण्यास मनाई केली. व्यक्तींच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारा व वसाहतीची शांतता बिघडवणारा मजकूर त्यात येतो, असे कारण देण्यात आले. टपालव्यवस्था सरकारच्या ताब्यात असल्यामुळे कलकत्त्याबाहेरील छावण्यांत व व्यापारी ठाण्यांवर विखुरलेले वर्गणीदार एका फटक्यात तुटले. शहरात अंक पोहोचवण्यासाठी हिकीने हरकारे नेमले.

टपालबंदीमुळे हिकीचे नुकसान झाले, पण तो नरमला नाही. हुकुमापूर्वीचे गॅझेट हे गप्पा, जाहिराती आणि बातम्या यांचे मिश्रण होते. हुकुमानंतर ते उघड विरोधी पत्र बनले. मत मांडण्याचा हक्क हा प्रजाजनाचा मूलभूत हक्क असून मुद्रणाच्या स्वातंत्र्यावाचून तो टिकत नाही, अशी मांडणी तो करू लागला. शासन जुलमी झाले तर प्रजेवर आज्ञापालनाचे बंधन उरत नाही, इतक्या टोकापर्यंत त्याच्या पत्रातील लेखन गेले. या विचारांचा उगम त्याच्या तरुणपणीच्या लंडनमध्ये शोधता येतो. जॉन विल्क्स याने १७६३ मध्ये राजाच्या भाषणावर टीका केल्यावरून उठलेले वादळ त्या शहरातील प्रत्येक छापखान्याने पाहिले होते.

हेस्टिंग्ज, इंपी व किरनांडर यांच्यावरील टीका

हिकीच्या लेखनात गंभीर आरोप आणि खाजगी कुचेष्टा यांची सरमिसळ असे. हेस्टिंग्जला तो हुकूमशहा व मोगल बादशहा अशी विशेषणे लावी; युद्धखोरी, भ्रष्टाचार व मर्जीतल्या माणसांना दिलेली कंत्राटे यांवर झोड उठवी. त्याच दमात तो हेस्टिंग्जच्या शारीरिक दुर्बलतेचीही टवाळी करी.

सरन्यायाधीश इंपी याला त्याने 'पूलबंदी' असे टोपणनाव दिले. पूल व बांध यांच्या दुरुस्तीचे किफायतशीर कंत्राट इंपीच्या एका नातलगाला मिळाले होते, त्यावर हा टोमणा होता. त्यामागे एक मूलभूत प्रश्नही होता. ऑक्टोबर १७८० मध्ये हेस्टिंग्जने इंपीला कंपनीच्या सदर दिवाणी अदालतीचे प्रमुखपद वेगळ्या वेतनासह दिले. राजाच्या सनदेने कंपनीवर अंकुश ठेवण्यासाठी नेमलेला न्यायाधीश अशा रीतीने कंपनीचा वेतनदार झाला. एका अंकात हिकीने खोट्या नाटकाची जाहिरात छापून शहरातील बड्या अधिकाऱ्यांना पात्रे बनवले. जुलमाचा बहर हा त्या नाटकाचा विषय असून इंपीच्या वाट्याला सतराव्या शतकातील कुप्रसिद्ध इंग्रज न्यायाधीश जेफ्रीज याची भूमिका दिली होती.

टीकेचा तिसरा विषय होता स्वीडिश मिशनरी योहान झकारियास किरनांडर. तो कलकत्त्यातील प्रोटेस्टंट मिशनचा प्रमुख होता. मिशनकडील खिळे त्याने प्रतिस्पर्धी पत्राला पुरवले आणि अनाथांसाठी असलेल्या निधीचा अपहार केला, असे आरोप हिकीने केले. १७८१ च्या वसंतात काही सशस्त्र माणसे रात्री आपल्या घरात शिरू पाहत होती व तो आपला जीव घेण्याचा कट होता, असेही त्याने पत्रात जाहीर केले.

खटले व कैद

जून १७८१ मध्ये हेस्टिंग्ज व किरनांडर यांच्या फिर्यादींवरून हिकीवर फौजदारी स्वरूपाचे अब्रुनुकसानीचे आरोप ठेवण्यात आले. त्याला पकडण्यासाठी मोठा सशस्त्र जमाव पाठवण्यात आला. जामिनाची रक्कम ८०,००० रुपये ठरवण्यात आली. एक रुपया किमतीचे साप्ताहिक काढणाऱ्या माणसाला ती भरणे शक्य नव्हते. त्यामुळे गुन्हा सिद्ध होण्यापूर्वीच त्याचा तुरुंगवास सुरू झाला.

या खटल्यांचे स्वरूप समजण्यासाठी तत्कालीन इंग्रजी कायदा लक्षात घ्यावा लागतो. फौजदारी अब्रुनुकसानीत लिहिलेला मजकूर खरा आहे, हा बचाव ग्राह्य नव्हता. खरा आरोप शांतताभंगाला अधिकच कारण होतो, असे मानले जाई. शिवाय त्या काळच्या बहुतेक न्यायाधीशांच्या मते आरोपीने मजकूर प्रसिद्ध केला की नाही, एवढेच ज्यूरीने ठरवायचे असे. तो मजकूर बदनामीकारक आहे काय, हे न्यायाधीश ठरवत. इंग्लंडमध्ये ही पद्धत फॉक्सच्या पुढाकाराने झालेल्या १७९२ च्या कायद्याने बदलली. अमेरिकी वसाहतींत न्यूयॉर्क येथे १७३५ मध्ये जॉन पीटर झेंगर या मुद्रकाला ज्यूरीने निर्दोष सोडले होते, परंतु त्या निकालाने कायदा बदलला नव्हता.

हिकीच्या प्रकरणात आणखी एक अडचण होती. ज्या न्यायालयापुढे खटले चालले, त्याचा सरन्यायाधीश इंपी हा स्वतःच गॅझेटच्या टीकेचा विषय होता. चार खटले चालले आणि अखेर हिकी दोषी ठरून त्याला कैद व दंडाची शिक्षा झाली. या न्यायालयातील न्यायाधीश जॉन हाइड याने कामकाजाच्या विस्तृत नोंदी वह्यांमध्ये ठेवल्या होत्या. त्या उपलब्ध असल्यामुळे खटल्यांचा पुढील अभ्यास शक्य झाला.

पत्राचा शेवट

शिक्षा झाल्यावरही गॅझेट बंद पडले नाही. छापखान्याचा धंदा हिकीने मुळात तुरुंगातच सुरू केला होता. आता पत्रही त्याने तुरुंगातून चालवले. टीकेची धार कमी झाली नाही. उलट न्यायालय व शासन यांच्या संगनमताचे आरोप अधिक थेट झाले.

१७८२ च्या आरंभी त्याच्यावर नवे दावे लावण्यात आले. हेस्टिंग्जने दिवाणी नुकसानभरपाईही मागितली. दंड व भरपाई मिळून हिकीवरील देणे त्याच्या आवाक्याबाहेर गेले. मार्च १७८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याचे खिळे व छपाईचे साहित्य जप्त झाले आणि गॅझेट थांबले. सव्वादोन वर्षांत टपालबंदी, अशक्य जामीन, फौजदारी खटले, दिवाणी दावे आणि साहित्याची जप्ती असे उपाय एकामागून एक वापरले गेले. पहिल्या चारांनी पत्र बंद झाले नव्हते, पाचव्याने झाले. दोनच महिन्यांनी, मे १७८२ मध्ये, सालबाईचा तह होऊन मराठ्यांशी चाललेले युद्ध संपले.

अखेरची वर्षे

हिकी तुरुंगातच राहिला. कुटुंबाची उपासमार होत असल्याचे सांगून त्याने सुटकेसाठी विनवण्या केल्या. १७८४ च्या नाताळच्या सुमारास हेस्टिंग्जने त्याच्याकडील येणे माफ केले आणि त्याची सुटका झाली. त्यानंतर थोड्याच काळात, १७८५ च्या फेब्रुवारीत, हेस्टिंग्जने भारत सोडला.

इंपीला याआधीच, सदर दिवाणी अदालतीचे पद स्वीकारल्याच्या कारणावरून, इंग्लंडला परत बोलावण्यात आले होते. पार्लमेंटमध्ये त्याच्यावर महाभियोग चालवण्याचा प्रयत्न १७८८ मध्ये फसला. हेस्टिंग्जवरील महाभियोगाची सुनावणी १७८८ मध्ये सुरू होऊन १७९५ मध्ये त्याची निर्दोष मुक्तता झाली. युद्धखोरी, लाचखोरी व सत्तेचा गैरवापर हे जे विषय हिकीने कलकत्त्यात छापले होते, तेच लंडनमध्ये एडमंड बर्कच्या भाषणांचे विषय झाले. हिकीला मात्र त्याचा काही लाभ झाला नाही. तुरुंगवासाने त्याची प्रकृती ढासळली होती. सैन्याच्या नियमांच्या छपाईचे जुने पैसे मिळावेत म्हणून तो अर्ज करीत राहिला आणि त्याची मागणी अंशतःच मान्य झाली. उर्वरित आयुष्य दारिद्र्यात काढून ऑक्टोबर १८०२ मध्ये चीनकडे जाणाऱ्या जहाजावर त्याचा मृत्यू झाला.

मूल्यमापन

हिकीविषयीची मते दीर्घकाळ प्रतिकूल होती. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश लेखकांनी त्याच्या पत्राची संभावना चहाडखोर व अश्लील चोपडे अशी केली. त्याच्या अंकांतील वैयक्तिक चिखलफेक पाहता हे मत निराधार म्हणता येत नाही. एच. ई. बस्टीड याने जुन्या कलकत्त्यावरील आपल्या ग्रंथात हिकीच्या जीवनाची व पत्राची तपशीलवार माहिती एकत्र केली. अलीकडे अँड्र्यू ओटिस यांनी न्यायालयीन नोंदींच्या आधारे लिहिलेल्या २०१८ मधील ग्रंथामुळे हिकीच्या भूमिकेचे पुनर्मूल्यांकन झाले आहे.

हिकीला कोणी स्वातंत्र्याचा पुजारी मानले, तर कोणी केवळ सूडबुद्धीचा माणूस. उपलब्ध घटनाक्रम पाहता दोन्ही गोष्टी त्याच्यात एकत्र नांदत होत्या, असे दिसते. तो वृत्तपत्राकडे तत्त्वासाठी नव्हे, तर चरितार्थासाठी वळला. मुद्रणस्वातंत्र्याचा पुकारा त्याने टपाल बंद झाल्यावर केला. पण एकदा ती भूमिका घेतल्यावर जामीन, कैद आणि दारिद्र्य यांपुढेही, साहित्य हातातून जाईपर्यंत, त्याने ती सोडली नाही. त्याचे सर्व आरोप सिद्ध झालेले नाहीत. मात्र ते सिद्ध करण्याची संधीही त्या काळच्या कायद्याने त्याला दिली नव्हती.

वारसा

हिकीचे पत्र बंद पडल्यावर कलकत्त्यात १७८४ मध्ये सरकारी आश्रयाने 'कॅलकटा गॅझेट' निघाले. मद्रासमध्ये १७८५ मध्ये 'मद्रास कुरियर' आणि मुंबईत १७८९ मध्ये 'बॉम्बे हेराल्ड' सुरू झाले. यांतील बहुतेक पत्रांनी सरकारशी जुळवून घेतले. ज्यांनी तसे केले नाही, त्यांच्याविरुद्ध पुन्हा हद्दपारीचा वापर झाला. विल्यम डुएन या संपादकाला याच मार्गाने भारताबाहेर पाठवण्यात आले.

१७९९ मध्ये लॉर्ड वेलस्ली याने पहिले औपचारिक नियम केले. प्रत्येक अंकावर मुद्रकाचे नाव छापणे, संपादक व मालक यांची माहिती सरकारला देणे आणि मजकूर आधी तपासून घेणे बंधनकारक झाले. ही पूर्वतपासणी १८१८ मध्ये उठली. पण १८२३ मध्ये जॉन ॲडम याने परवाना पद्धती आणली. त्या वर्षी 'कॅलकटा जर्नल'चा संपादक जेम्स सिल्क बकिंगहॅम याला हद्दपार करण्यात आले आणि राजा राममोहन रॉय यांनी परवान्याच्या निषेधार्थ आपले 'मिरात-उल-अखबार' हे फारसी पत्र बंद केले. १८३५ मध्ये चार्ल्स मेटकाफ याने परवान्याचे बंधन काढून टाकले. बाळशास्त्री जांभेकर यांचे 'दर्पण' हे पहिले मराठी वृत्तपत्र त्यापूर्वी, ६ जानेवारी १८३२ रोजी, मुंबईत सुरू झाले होते.

हिकीविरुद्ध वापरलेले अब्रुनुकसानीचे शस्त्र पुढेही बोथट झाले नाही. गॅझेट बंद पडल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १८८२ मध्ये, कोल्हापूर संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या फिर्यादीवरून 'केसरी' व 'मराठा'शी संबंधित बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर यांना अब्रुनुकसानीच्या खटल्यात शिक्षा झाली व त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

बेंगॉल गॅझेटचे अंक आज कोलकाता येथील राष्ट्रीय ग्रंथालय, लंडन येथील ब्रिटिश लायब्ररी इत्यादी मोजक्या संग्रहांत आढळतात. पहिला अंक ज्या दिवशी निघाला, तो २९ जानेवारी हा दिवस भारतात वृत्तपत्र दिन म्हणून पाळला जातो.